मधल्या सुट्टीत तयार होणारी व्हिडिओ क्विझ: साधन बनवणाऱ्या नवख्यांसाठी

व्हिडिओ चालू असताना मध्येच थांबतो, खाली प्रश्न येतो, मुलानं उत्तर दिलं की पुढे सरकतो. व्हिडिओ क्विझ म्हणजे एवढंच. बीसीएच्या शेवटच्या वर्षाचं पोरगंसुद्धा थोड्या दिवसांत असं काहीतरी चालतं करून दाखवतं. खरी मेहनत आहे ती शिक्षकानं ते दुसऱ्यांदा उघडावं यासाठी. सातारा जिल्ह्यातल्या शाळांसाठी असं साधन बनवायची हौस असलेल्यांकरता हा लेख आहे. कोडिंग थोडंफार येतं असं धरून चाललोय. शाळा आतून माहीत आहे असं मात्र धरलेलं नाही.

माझी कसोटी एकच. ज्या शिक्षकानं हे साधन आधी कधी पाहिलेलं नाही, त्याला मधल्या सुट्टीत, डबा खाऊन उरलेल्या वेळात, कुणालाही न विचारता पहिली क्विझ करून वर्गाच्या ग्रुपवर टाकता आली पाहिजे. खालच्या सगळ्या सूचना या कसोटीतूनच निघाल्यात.

पायरी १: आधी तयार साधनं वापरा

थोडे दिवस स्वतः शिक्षक बनून एचफाइव्हपी आणि एडपझल वापरा. एचफाइव्हपी मुक्त स्रोत आहे, वर्डप्रेस आणि मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) दोन्हीवर बसतं, आणि त्यातला 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' प्रकार नेमकं हेच काम करतो. लुमी नावाचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं तर संगणकावर बसून एचफाइव्हपीचा मजकूर तयार करता येतो. एडपझलवर यूट्यूबचा व्हिडिओ घेऊन नको तो भाग कापता येतो, प्रश्न टाकता येतात आणि मुलानं पुढे उडी मारू नये अशी सोयही आहे. गूगल फॉर्म सगळ्या शिक्षकांना येतो, त्यात व्हिडिओही टाकता येतो. पण प्रश्नासाठी तो मध्ये थांबत नाही, त्यामुळे मुलं व्हिडिओ सोडून थेट प्रश्नांकडे वळतात.

ही साधनं चांगली आहेत. मग आपण वेगळं कशाला करायचं? वापरताना अडलात कुठे, ते वहीत लिहीत जा. नोंदणीसाठी मागितलेला ईमेल, इंग्रजी मेनू, एका प्रश्नासाठी भरावे लागणारे सात-आठ रकाने. ही यादी म्हणजेच तुमच्या साधनाचा आराखडा. यादीच झाली नाही तर नवं साधन बनवू नका. आहे तेच शिक्षकांना मराठीतून शिकवा, तेही मोठं काम आहे.

पायरी २: शाळेत जाऊन बसा

शक्य असेल तर दोन टोकांच्या दोन शाळा बघा. एक साताऱ्यातली किंवा कऱ्हाडातली, वर्गात टीव्ही असलेली. दुसरी जावळी, पाटण नाहीतर महाबळेश्वर तालुक्यातली, डोंगरातली. कांदाटी खोऱ्यात किंवा कोयनेच्या जलाशयाच्या काठावर रेंजसाठी एखाद्या ठरावीक वळणावर जाऊन उभं राहावं लागतं. तिथल्या शाळा बऱ्याचदा द्विशिक्षकी, म्हणजे एकाच गुरुजींकडे दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत. अशा ठिकाणी व्हिडिओ क्विझचा उपयोग शहरातल्यापेक्षा वेगळा आणि जास्त आहे: तिसरीला गणित चालू असताना चौथीची मुलं एका टॅबभोवती बसून परिसर अभ्यासाचा व्हिडिओ बघतात, आणि व्हिडिओ थांबून प्रश्न विचारत असल्यामुळे त्यांचं लक्ष उडत नाही.

शिक्षकाचा दिवस बघा. पोषण आहाराची नोंद, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, ग्रुपवर आलेलं 'आजच भरावे' असं पत्रक. या माणसाला आणखी एक लिंक, आणखी एक पासवर्ड नको असतो. "सर, आमचं ॲप खूप सोपं आहे" हे वाक्य त्यानं आजवर बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

परत येताना चार गोष्टींची नोंद हातात हवी. शिक्षकाचा फोन कोणता. शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर आहे का आणि तो खरंच चालतो का. नेट कुणाच्या खिशातून येतं. घरी मुलाच्या हातात फोन किती वाजता पडतो. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, वडील रानातून किंवा कामावरून आल्यावर.

पायरी ३: व्हिडिओ कुठून येणार ते ठरवा

सुरुवात फक्त यूट्यूबच्या लिंकपासून करा. शिक्षकांकडे लिंका असतातच. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचं साहित्यही त्यांच्या ओळखीचं आहे. स्वतःचा व्हिडिओ चढवायची सोय दुसऱ्या टप्प्यात घ्या, कारण फोनवर १०८० पीमध्ये काढलेला व्हिडिओ मिनिटाला १०० एमबीच्याही वर सहज जातो, आणि तो चढवण्यातच मधली सुट्टी संपते. ती सोय देणारच असाल तर फाइल फोनवरच लहान करून मग चढवा.

लांबीबद्दल एक माहिती कामाला येईल. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा २०१४ साली मोठा अभ्यास झाला, जवळपास ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासून. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहणाऱ्यांचा मध्यक वेळ सहा मिनिटांपलीकडे गेला नाही. त्यात बहुतेक मोठी माणसं होती. आपल्याकडची पाचवीची मुलं त्याहून जास्त टिकतील असं धरायला काही आधार नाही. म्हणून लांब व्हिडिओची लिंक आली की साधनानंच विचारावं, 'यातला कुठला भाग हवा?' आणि सुरुवात-शेवट ठरवायला दोन बटणं द्यावीत. नको म्हणून अडवू मात्र नका. शिक्षकाला वीस मिनिटांचाच हवा असेल तर त्याचं कारण त्याला ठाऊक.

पायरी ४: प्रश्न टाकायची स्क्रीन

सगळा जीव इथे आहे. बाकीचं थोडं कच्चं राहिलं तरी चालेल.

शिक्षक व्हिडिओ बघतोय. खाली एकच मोठं बटण, 'इथे प्रश्न'. ते दाबलं की व्हिडिओ थांबतो आणि त्याच जागी प्रश्नाची पेटी उघडते. वेळ आकड्यांत टाइप करायला लावू नका. मिनिटं-सेकंदांचे रकाने दिसले की अर्धे शिक्षक तिथेच फोन खाली ठेवतात.

आता एक बारकावा. माणूस वाक्य पूर्ण ऐकतो, 'हां, इथे विचारू' असं मनात म्हणतो आणि मग बटण दाबतो. तोवर व्हिडिओतल्या बाईंचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं. मुलाच्या फोनवर व्हिडिओ थांबतो तो अशा अर्धवट शब्दावर. म्हणून दाबलेल्या क्षणापेक्षा सेकंदभर आधीची वेळ नोंदवा आणि शेजारी 'थोडं मागे', 'थोडं पुढे' अशी दोन बटणं ठेवा, प्रत्येक दाबाला अर्धा सेकंद. हे केलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि ते लक्षात न येणंच बरं.

पेटीत काय असावं? प्रश्न, दोन पर्याय, 'आणखी पर्याय' असं बटण, आणि बरोबर पर्यायासमोर टिक. बस. गुण, वेळमर्यादा, काठिण्यपातळी, अध्ययन निष्पत्ती हे सगळं 'आणखी' या शब्दामागे लपवा. अधिकाऱ्यांना दाखवायला ते रकाने छान दिसतात, पण शिक्षकाला प्रत्येक क्विझला ते ओलांडून जावं लागतं.

उदाहरण घेऊ. भूगोलातला पर्जन्यछायेचा पाठ. आपल्या जिल्ह्यातच त्याची दोन्ही टोकं आहेत: महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस, आणि माणमध्ये दहिवडी-म्हसवडकडे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. व्हिडिओत २ मिनिटं १४ सेकंदांवर वारे सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे उतरतात. इथे प्रश्न: 'माणला पाऊस कमी का पडतो?' पर्याय तीन. 'डोंगर उतरताना हवा गरम आणि कोरडी होते.' 'तिकडे झाडं कमी आहेत.' 'तिकडे ढग पोहोचतच नाहीत.' दुसरा पर्याय मुद्दाम घातलाय. बऱ्याच मुलांच्या डोक्यात तोच असतो आणि घरीही तेच ऐकलेलं असतं. असा पर्याय निवडणाऱ्या मुलाला नुसतं लाल फुलीचं चिन्ह दाखवून उपयोग नाही. त्या पर्यायाखाली शिक्षकाला एक ओळ लिहिता यावी, 'झाडं कमी आहेत ती पाऊस कमी म्हणून. वारा डोंगर उतरतो तो भाग परत बघ.' ही ओळ ऐच्छिक ठेवा. रिकामी सोडली तर साधनानं आपोआप 'हा भाग पुन्हा पहा' असं बटण द्यावं, जे मागच्या प्रश्नानंतरच्या जागी नेऊन सोडेल.

प्रश्न किती? पाच-सहा मिनिटांना तीन-चार पुरे. मध्ये थांबून विचारण्याचा फायदा होतो हे प्रयोगांतही दिसलंय: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संख्याशास्त्राच्या २१ मिनिटांच्या व्याख्यानाचे चार तुकडे केले, प्रत्येक तुकड्यानंतर ज्यांची छोटी चाचणी घेतली त्यांचं मन कमी भरकटलं आणि शेवटच्या परीक्षेतही ते सरस ठरले. म्हणून सगळे प्रश्न शेवटी गोळा करायचा पर्याय साधनात ठेवूच नका, असं माझं मत आहे. तो ठेवला की लोक तोच वापरतात.

जतन करण्याचं बटणही नको. प्रत्येक अक्षर आपोआप जतन व्हावं, कारण फोन येणार, मुख्याध्यापक हाक मारणार, घंटा होणार.

पायरी ५: मुलाच्या फोनवर

यूट्यूबचा प्लेअर 'आता अमुक सेकंद झाला' असं आपणहून कळवत नाही. दर पाव सेकंदाला आपणच विचारायचं. इथे नवखे एक हमखास चूक करतात: वेळ बरोबर १३४ सेकंद (वरच्या उदाहरणातली २ मिनिटं १४ सेकंद) झाली का, असं तपासतात. ती तशी कधीच सापडत नाही, आधी १३३.८९ येते, मग १३४.१४. तपासायचं ते असं, की मागच्या वेळी १३४च्या अलीकडे होतो आणि आता पलीकडे आहोत का. या एकाच नियमानं पुढे उडी मारणारं मूलही पकडलं जातं, कारण उडी मारली तरी १३४ ओलांडलं जातंच. मग व्हिडिओ प्रश्नाच्या जागी मागे आणा आणि प्रश्न दाखवा. ओरडणारी सूचना देऊ नका.

प्रश्न व्हिडिओवर आच्छादू नका, खाली दाखवा. यूट्यूबच्या नियमांनुसार प्लेअर झाकायला परवानगी नाही, आणि उभ्या धरलेल्या फोनवर खालीच जागा मोकळी असते. पूर्ण स्क्रीनचं यूट्यूबचं बटण बंद करा. ते दाबलं की प्लेअर सगळी स्क्रीन व्यापतो, तुमचा प्रश्न मागे राहतो आणि मुलाला वाटतं व्हिडिओ अडकला. आयफोनसाठी व्हिडिओ पानातच चालेल अशी सूचना प्लेअरला द्यावी लागते, ती विसरू नका. शेवटी 'आणखी व्हिडिओ' दिसतात ते पूर्णपणे बंद करता येत नाहीत. शेवट व्हायच्या सेकंदभर आधी व्हिडिओ थांबवून आपला निकाल दाखवला की प्रश्न मिटतो.

पर्यायांची बटणं अंगठ्याएवढी ठेवा, किमान ४८ डीपी (फोनच्या स्क्रीनवरचं माप). बरोबर-चूक फक्त हिरव्या-लाल रंगानं सांगू नका. सोबत टिक, फुली आणि शब्द हवेत. पहिली-दुसरीसाठी प्रश्न वाचून दाखवणारं बटण लागतंच, आणि त्यासाठी यंत्राचा आवाज वापरण्यापेक्षा शिक्षकानं तिथेच बोलून ठेवलेला आवाज केव्हाही चांगला. आपल्या बाईंचा आवाज आला की मूल टवकारून ऐकतं.

पायरी ६: मराठी

श्रीलिपी आणि कृतिदेव हे जुने फॉन्ट अजून शाळांतून गेलेले नाहीत. शिक्षक जुन्या प्रश्नपत्रिकेतून मजकूर उचलून पेटीत टाकतात आणि रोमन अक्षरं-चिन्हांचा गोंधळ दिसतो. असा मजकूर ओळखता येतो. ओळखून 'हा जुना फॉन्ट दिसतोय, बदलून देऊ का?' असं विचारा. टायपिंगला कंटाळणाऱ्यांसाठी जीबोर्डमध्ये मराठीत बोलून लिहिता येतं हे पहिल्याच वेळी एका ओळीत सांगा. प्रश्न पाच सेकंदांत तयार होतो.

मुलाला उत्तर टाइप करायला लावायचा मोह पहिल्या आवृत्तीत टाळा. 'ॲसिड' हा शब्द दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो: एकदा 'ॲ' हे सलग अक्षर म्हणून, एकदा 'अ'वर चंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. 'दऱ्या'मधल्या ऱ्याचीही तीच गत. वर ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, ५ आणि इंग्रजी आकडा यांचे फरक. बरोबर उत्तर लिहून चूक मिळालेलं मूल त्या साधनावर परत विश्वास ठेवत नाही, आणि त्याची आईसुद्धा. पर्याय, चूक की बरोबर, जोड्या लावा एवढ्यावर वर्ष निघून जातं. आकड्यांची उत्तरं चालतील, फक्त दोन्ही लिपींतले आकडे स्वीकारा.

बटणांवर शिक्षक बोलतात ते शब्द ठेवा. 'लिंक पाठवा', 'पुढे'. 'प्रस्तुत करा' असं वर्गात कुणी म्हणत नाही.

पायरी ७: नेट नसेल तेव्हा

हिशोब करून बघा. ५०० केबीपीएसचा पाच मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे १९ एमबीच्या आसपास. गुरुजींच्या एकाच हॉटस्पॉटवर ३० मुलांनी तो वेगवेगळा उघडला तर साडेपाचशे एमबीच्या वर. दिवसाच्या डेटाचा मोठा भाग तिथेच जातो.

म्हणून 'वर्ग' नावाची दुसरी पद्धत ठेवा. व्हिडिओ टीव्हीवर एकदाच चालतो, थांबतो, मुलं हात वर करतात, आणि शिक्षक प्रत्येक पर्यायापुढे हातांची संख्या टाकतो किंवा नुसता पुढे जातो. मुलांकडे फोन लागत नाही. याहून पुढे जायचं असेल तर प्लिकर्सची कल्पना बघून घ्या: मुलं छापील कार्ड धरतात, शिक्षक फोनचा कॅमेरा फिरवतो, उत्तरं नोंदली जातात.

घरी बघणाऱ्यांसाठी उत्तरं आधी फोनमध्येच साठवा आणि नेट आलं की पाठवा. स्क्रीनवर फक्त एवढंच लिहा: 'उत्तरं फोनमध्ये आहेत, नेट आलं की बाईंकडे जातील.' शिक्षकानं स्वतः काढलेले व्हिडिओ शाळेत वायफायवर आधी उतरवून ठेवता आले पाहिजेत. यूट्यूबचे व्हिडिओ असे उतरवायची सोय देऊ नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही.

पायरी ८: मुलांची नावं घेऊ नका

मुलाकडे ईमेल नसतो, आणि घरातला मोबाइल नंबर वडिलांचा असतो. वर्गासाठी सहा आकडी कोड, आणि आत गेल्यावर हजेरी क्रमांक. कोडमध्ये अक्षरं नकोत. आकडे फळ्यावर लिहिता येतात, फोनवरून सांगता येतात आणि कीबोर्डची भाषा बदलावी लागत नाही. एकाच फोनवर दोन भावंडं असतील हे धरून चला, 'आता कोण बघतंय?' असं दर वेळी विचारा.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळीच मुलं 'बालक' आहेत; त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नाव, नंबर, फोटो, ठिकाण यांतलं काहीच गोळा केलं नाही तर तुमच्या डोक्याला ताप कमी. सतरा नंबर म्हणजे कोण, हे शिक्षकाच्या हजेरीपटावर आहेच.

पायरी ९: निकाल

शिक्षकाला सगळ्यात आधी दिसावा तो प्रश्न, जो सर्वांत जास्त मुलांचा चुकला. उदाहरणार्थ: 'प्रश्न २: २८ पैकी १९ जणांनी झाडं कमी आहेत असं निवडलं.' हे वाचून उद्याच्या तासाला काय करायचं ते त्याला आपोआप कळतं. मुलांची क्रमवारी दाखवू नका. ती स्क्रीनशॉट होऊन पालकांच्या ग्रुपवर जाते. एक्सेलमध्ये उतरवायची सोय मात्र द्या, वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींना उपयोगी पडते. गुणपत्रिकेत हे गुण धरावेत का? मी तरी धरणार नाही. मागे जाऊन पुन्हा बघता येतं, आणि घरी शेजारी ताई बसलेली असते.

पायरी १०: करून बघा

केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वेळ मागा. केंद्रप्रमुखांना आधी भेटा, दहा मिनिटं मिळतात. भाषण करू नका. तीन शिक्षकांच्या हातात त्यांच्याच फोनवर लिंक द्या, 'एक प्रश्न टाकून मला पाठवा' म्हणा आणि गप्प बसा. बोट कुठे थबकतं ते बघा. कुणी "आता काय करू?" विचारलं तर उत्तर देऊ नका, "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणा आणि ती स्क्रीन वहीत टिपून ठेवा. तंत्रस्नेही म्हणून ओळखले जाणारे सर या कामाला घेऊ नका. त्यांना सगळंच जमतं. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्या बाई तुम्हाला जास्त शिकवतील.

शाळा जूनमध्ये सुरू होतात, तेव्हा नव्या मुलांना तेच हजेरी क्रमांक मिळतात. त्यामुळे मे महिन्यात जुनी उत्तरं पुसा, पण शिक्षकानं केलेल्या क्विझ तशाच ठेवा आणि पहिल्या दिवशी एकच बटण दाखवा: 'गेल्या वर्षीच्या क्विझ नव्या वर्गाला लावा.'